मिळकतकराची आकारणी पटत नाही? हरकत घ्यायची ती अशी

नव्या फ्लॅटचा ताबा मिळून काही महिने झाले, की महापालिकेचा एक कागद येतो. त्यावर ‘वार्षिक करपात्र रक्कम’ किंवा ‘करयोग्य मूल्य’ असं लिहून एक आकडा असतो आणि खाली बारीक अक्षरांत, अमुक दिवसांत लेखी हरकत न आल्यास आकारणी कायम केली जाईल, अशी ओळ. बहुतेक घरांत हा कागद लाइटबिलांच्या गठ्ठ्यात जाऊन पडतो. पुढे बिल येतं, सोसायटीच्या ग्रुपवर आरडाओरड सुरू होते, आणि तोवर हरकतीची मुदत उलटून गेलेली असते.

तो कागद म्हणजे खास नोटीस. मिळकत पहिल्यांदाच आकारणीत आली किंवा तिची करपात्र रक्कम वाढवली, की ती द्यावी लागते. तिच्यावर काय करायचं ते पुढे क्रमाने सांगतो. पुण्याची पद्धत डोळ्यांसमोर ठेवली आहे, पण पिंपरी-चिंचवड, नाशिक, ठाणे वगैरे जिथे जिथे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे, तिथे ढाचा हाच. मुंबई, नगरपालिका आणि ग्रामपंचायती यांचं वेगळं आहे, ते शेवटी.

आधी भांडण कशाशी आहे ते ठरवा

बिलावरच्या रकमेत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: तुमच्या मिळकतीची करपात्र रक्कम, आणि तिच्यावर लावलेले टक्के. सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, वृक्ष, जललाभ, मलप्रवाह असे ते टक्के. पुढच्या आर्थिक वर्षाचे हे दर महापालिकेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात आणि ते सगळ्या शहराला सारखे असतात. त्यांच्याबद्दल हरकतीच्या सुनावणीत बोलून उपयोग शून्य. रस्त्यातले खड्डे, दिवसाआड येणारं पाणी, कचऱ्याची गाडी, निवृत्तिवेतनावर चालणारं घर – हे सगळं खरं असलं तरी समोरच्या अधिकाऱ्याला त्यातलं काहीच लिहून घेता येत नाही. त्याच्या हातात एकच आकडा असतो, करपात्र रक्कम. तो कोणत्या नोंदीमुळे चुकला आहे, एवढंच तुम्हाला दाखवायचं आहे.

हा आकडा येतो कुठून? कायद्यातल्या कराधान नियमांनुसार, ही जागा वर्षभर भाड्याने दिली तर वाजवी भाडं किती येईल, ते काढायचं आणि त्यातून दुरुस्ती वगैरेसाठी १० टक्के वजा करायचे. प्रत्यक्षात कोणी तुमच्या घराचं भाडं विचारत बसत नाही. भाग, बांधकामाचा प्रकार, वापर आणि बांधकामाचं वर्ष बघून दरमहा दर चौरस फुटाला एक दर ठरलेला असतो. त्याला क्षेत्रफळाने आणि १२ महिन्यांनी गुणलं, १० टक्के काढले, झालं.

उदाहरण घेऊ. दर समजा २ रुपये (हा मी हिशेबाच्या सोयीसाठी धरला आहे, तुमचा नोटिशीत किंवा आकारणी उताऱ्यात सापडेल). जागा ७०० चौरस फूट. वर्षाचे झाले १६,८००. १० टक्के जाऊन १५,१२०. आता हीच जागा रजिस्टरला ८२० चौरस फूट लागली असेल तर १९,६८० मधून १० टक्के जाऊन १७,७१२. फरक २,५९२. सगळे टक्के मिळून समजा ४० धरले, तर वर्षाला हजाराच्या वर रुपये फुकट जातात. नोंद दुरुस्त होईपर्यंत दरवर्षी.

बाजारभाव या हिशेबात कुठेच नाही, हे लक्षात घ्या. ‘शेजारच्या इमारतीत फ्लॅट दहा लाखांनी स्वस्त गेला’ हा मुद्दा इथे लागू होत नाही. तो मुंबईत, भांडवली मूल्याच्या पद्धतीत काही प्रमाणात लागतो.

चूक कुठे सापडते

सगळ्यात जास्त क्षेत्रफळात. बिल्डरच्या यादीतला सुपर बिल्टअपचा (जिना, लॉबी यांचा वाटा धरलेला) आकडा तसाच उचललेला, पार्किंग मोजलेलं, उघडी गच्ची खोलीच्या दराने धरलेली, जिन्याचा वाटा दोनदा पडलेला. त्यामुळे पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की माझ्या जागेचं कोणतं क्षेत्रफळ धरलं आहे, कार्पेट (भिंतींच्या आतलं) की बिल्टअप (भिंतींसकट)? तोंडी नको, लेखी विचारा. कार्पेटची बिल्टअपशी तुलना करून सुनावणीला गेलात, तर पहिल्या मिनिटाला परत याल.

दुसरी जागा म्हणजे वापर. बिगरनिवासी दर निवासी दरापेक्षा बराच चढा असतो. हे पकडायची एक सोपी खूण आहे. बिलात राज्य शासनाचे दोन कर वसूल होतात, शिक्षण कर आणि रोजगार हमी कर. त्यातला रोजगार हमी कर निवासी जागेला लागत नाही. तुम्ही घर म्हणून राहताय आणि त्या रकान्यात आकडा आहे, म्हणजे तुमची जागा किंवा तिचा काही भाग रजिस्टरला बिगरनिवासी लागला आहे. आधीच्या मालकाचा दवाखाना होता, क्लास होता, तो बंद होऊन काळ लोटला तरी नोंद तशीच राहते. घर फार मोठं असेल तर आणखी एक रकाना बघा. मोठ्या निवासी जागांवरचा एक वेगळा राज्य कर ठरावीक क्षेत्रफळापुढे लागतो; मोजणीतल्या थोड्याशा चुकीने माणूस त्या रेषेपलीकडे जातो.

तिसरी गोष्ट आकारणीची तारीख. भोगवटापत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) किंवा प्रत्यक्ष वापर जेव्हापासून, तेव्हापासून आकारणी धरली आहे ना, बघा. मागच्या तारखेपासून लावली असेल तर थकबाकीचा डोंगर दिसतो, आणि माणूस दराशी भांडत बसतो. खरी चूक तारखेत असते.

पुणेकरांसाठी चौथी. स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत आहे. १९७० पासून चालत आलेली ही सवलत मध्ये काही वर्षं काढली गेली आणि २०२३ मध्ये राज्य शासनाच्या निर्णयाने परत आली. ती मिळण्यासाठी पीटी-३ अर्ज भरून स्वतः राहत असल्याचे पुरावे द्यावे लागतात. अनेकांची ‘वाढलेली आकारणी’ म्हणजे न मिळालेली ही सवलत असते. त्याला हरकत, सुनावणी वगैरे काही लागत नाही. अर्ज द्या, पोच घ्या.

कागद गोळा करा, पण त्यासाठी मुदत घालवू नका

नोंदणीकृत करारनामा, सूची दोन (दस्तनोंदणीचा उतारा, इंडेक्स टू), मंजूर नकाशा, भोगवटापत्र, ताबापत्र, लाइटबिल, आणि महापालिकेचा आकारणी उतारा. उतारा महत्त्वाचा, कारण चूक नोटिशीत दिसत नाही, उताऱ्यात दिसते: क्षेत्र किती, वापर काय, दर कोणता, आकारणी कधीपासून. पुण्यात मिळकत क्रमांक विभाग, पेठ आणि खाते अशा तीन तुकड्यांत असतो. तो जवळ ठेवा, प्रत्येक खिडकीवर तोच विचारतात.

प्रभागाची आकारणी वही मालकाला किंवा भोगवटादाराला विनाशुल्क बघता येते आणि तिच्यातून टिपून घेता येतं, ही तरतूद नियमांतच आहे. खिडकीवरच्या कारकुनाला ती माहीत असेलच असं नाही. शांतपणे ‘आकारणी वही पाहायची आहे’ असा एका ओळीचा अर्ज द्या. नाहीच दाखवली तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. पण उत्तराला ३० दिवस मिळतात आणि तुमच्या हरकतीची मुदत त्याआधी संपलेली असते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी हरकत दाखल, मग कागद मागवत बसा. ‘आकारणी उताऱ्याची प्रत मागितली आहे, मिळाल्यावर सादर करीन’ असं हरकतीत लिहून ठेवलं की झालं.

माझ्या मते सगळ्यात वजनदार पुरावा म्हणजे त्याच इमारतीतला, त्याच आकाराचा, वरचा किंवा खालचा फ्लॅट. चौथ्या मजल्यावरच्या ४०४ ची करपात्र रक्कम कमी आणि ५०४ ची जास्त असेल, नकाशा एकच असेल, तर अधिकाऱ्यालाही बोलायला फारसं उरत नाही. शेजाऱ्याचं बिल मागायला संकोच करू नका. तो कमी भरत असेल तर मात्र जरा कां-कू करेल, कारण त्याला भीती असते की तुमचं कमी व्हायच्या ऐवजी त्याचं वाढेल. भीती अगदीच निराधार नाही. हरकतीत त्याचं नाव टाकायच्या आधी त्याच्याशी बोलून घ्या.

आणि घर स्वतः मोजा. दोघंजण, एक टेप, एक कागद. खोलीची आतली लांबी-रुंदी भिंतीपासून भिंतीपर्यंत घ्या, बाल्कनी वेगळी लिहा, गच्ची वेगळी, पोटमाळा वेगळा. मीटरमध्ये घ्या आणि शेवटी १०.७६ ने गुणून चौरस फूट काढा. मध्येच फूट-इंच केलं की गोंधळ होतो. हा कच्चा नकाशा हरकतीला जोडायचा.

मोजतानाच एक अवघड प्रश्न स्वतःला विचारा: माझ्याकडे नकाशात नसलेलं काही बांधकाम आहे का? काचा लावून खोलीत घेतलेली बाल्कनी, गच्चीवरची पत्र्याची शेड? हरकत घेतली की फेरमोजणीला माणूस येणार, आणि तो सगळंच मोजणार. करपात्र रक्कम वाढूही शकते. अनधिकृत बांधकाम ठरलं तर कायद्याच्या कलम २६७-अ खाली कराच्या दुप्पट शास्ती लागण्याची तरतूद आहे. ६० चौरस फूट वाचवायला जाऊन हे ओढवून घ्यायचं का, याचा हिशेब घरीच करावा.

हरकत लिहायची कशी

लेखी, कारणांसह, मुदतीत. या तीन अटी आहेत. किती दिवसांची मुदत ते नोटिशीवर छापलेलं असतं आणि दिवस नोटीस तुमच्या हाती पडल्यापासून मोजायचे. म्हणून नोटीस आली त्याच दिवशी तिच्यावर पेनने तारीख घाला, टपालाने आली असेल तर पाकीट जपून ठेवा.

भाषा कोर्टाची नको. वरचंच उदाहरण घेऊन नमुना देतो:

*प्रति,*
*मा. आयुक्त (कर आकारणी व कर संकलन विभाग),*
*…… महानगरपालिका*

*विषय : मिळकत क्र. …… च्या करपात्र रकमेबाबत हरकत*
*संदर्भ : खास नोटीस क्र. ……, दि. …… (मिळाली दि. ……)*

*महोदय,*
*वरील नोटिशीनुसार माझ्या सदनिकेचे क्षेत्रफळ ८२० चौ. फूट धरून करपात्र रक्कम १७,७१२ रुपये ठरवली आहे. ती मला मान्य नाही. कारणे :*
*१. मंजूर नकाशा व नोंदणीकृत करारनाम्यानुसार क्षेत्रफळ ७०० चौ. फूट आहे (प्रती सोबत).*
*२. जादा धरलेले १२० चौ. फूट ही वाहनतळाची जागा असून ती सदनिकेचा भाग नाही.*
*३. याच इमारतीतील, समान नकाशा असलेल्या सदनिका क्र. …… ची आकारणी ७०० चौ. फुटांवर झाली आहे.*
*तरी क्षेत्रफळ ७०० चौ. फूट धरून करपात्र रक्कम १५,१२० रुपये करावी, आवश्यक असल्यास माझ्या उपस्थितीत फेरमोजणी करावी व मला सुनावणीची संधी द्यावी, ही विनंती.*

शेवटी तारीख, सही, फोन नंबर, जोडलेल्या कागदांची यादी. ‘तरी’ नंतरचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ एवढंच लिहिलेल्या अर्जावर काय करायचं ते कोणालाच कळत नाही, आणि मग कोणी काही करतही नाही. तुम्हाला कोणता आकडा हवा आहे तो लिहा.

दोन प्रती काढा. एक क्षेत्रीय कार्यालयात किंवा नोटिशीवर दिलेल्या पत्त्यावर आवक-जावकला द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘साहेबांकडे देतो, पोचचं काय एवढं’ असं कोणी म्हणालं तर हसून तिथेच उभे राहा. ऑनलाइन तक्रार केली असेल तर तिचा क्रमांक घ्या, पण कागदही द्या. गेटवर ‘करून देतो’ म्हणणारे भेटतात. त्यांच्याकडे या अर्जात भर घालण्यासारखं काही नसतं.

मोजणी आणि सुनावणी

पुण्यात मोजणीला बहुधा पेठ निरीक्षक येतात. घरी मोठं माणूस असू द्या, आणि तुमचा कच्चा नकाशा हातात. ते टेप किंवा लेझर मशिनने मोजतील, तेव्हा आकडे तुम्हीही लिहून घ्या. ते कुठून मोजतात ते बघा: भिंतीची जाडी आत धरली की बाहेर, डक्ट मोजला का, बाल्कनी कोणत्या रकान्यात गेली. वाद घालू नका. पाहणीच्या कागदावर सही मागितली तर वाचून करा. काही पटत नसेल तर सहीच्या वर ‘बाल्कनीच्या मोजणीबाबत असहमत’ असं लिहून सही करा.

सुनावणीची तारीख लेखी कळवली जाते. आयुक्तांनी अधिकार दिलेला अधिकारी समोर बसतो आणि बाहेर रांग असते, त्यामुळे वाट्याला येणारा वेळ थोडाच. तुम्ही गेला नाहीत तर तुमच्या माघारी निकाल देता येतो, म्हणून जमत नसेल तर आधीच लेखी पुढची तारीख मागा. आत गेल्यावर तक्रारीचा इतिहास सांगू नका. ‘साहेब, क्षेत्रफळात १२० फुटांचा फरक आहे, हा नकाशा, हे शेजारच्या फ्लॅटचं बिल’ एवढं म्हणून कागद पुढे सरकवायचे. वयस्कर मालकांनी मुला-मुलीला अधिकारपत्र देऊन पाठवलं तरी चालतं. बाहेर पडताना निकाल लेखी कधी मिळेल ते विचारा. निकालाची नोंद महापालिकेने ठेवायचीच असते. तुम्हाला त्याची प्रत हवी आहे.

दरम्यान बिल भरायचं का?

भरायचं. हरकत घेतली म्हणून वसुली थांबत नाही, आणि थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती चढते. कर सहामाही असतो, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला देय. पैसे भरताना ‘हरकत प्रलंबित असून हक्क राखून भरत आहे’ असं एक पत्र देऊन पोच घ्या. हरकत मान्य झाली तर जादा रक्कम पुढच्या बिलात वळती करून मागता येते. ‘निकाल लागेपर्यंत एक पैसा देणार नाही’ हा बाणा ऐकायला छान वाटतो, पण दोन-तीन वर्षांनी शास्तीच मूळ वादाच्या पुढे निघून जाते.

निकाल विरुद्ध गेला तर

कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करता येतं. पुण्यात लघुवाद न्यायालयात, इतर शहरांत वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे. तक्रारीचा निकाल लागल्यापासून १५ दिवसांची मुदत. त्याआधी महापालिकेकडे हरकत घेऊन तिचा निकाल लागलेला असला पाहिजे, आणि मागणी केलेला कर भरलेला असला पाहिजे. हरकतीची पायरी गाळून थेट कोर्टात गेलेले लोक इथेच अडकतात. या टप्प्यावर वकील घ्या. वर्षाला हजार रुपयांच्या फरकासाठी हे परवडत नाही हे उघड आहे. दुकान, गोडाऊन, मोठी व्यापारी जागा असेल तर परवडतं. जुन्या वाड्यांत, भाडे नियंत्रणाखालच्या भाडेकरूंमुळे प्रमाणभाड्याचा, म्हणजे कायद्याने बांधून दिलेल्या भाड्याचा, प्रश्न येतो. तिथे तर पहिल्या हरकतीपासूनच जाणकार माणूस बरोबर असलेला बरा.

मुदत गेली असेल तर

दार कायमचं बंद होत नाही. महापालिकेने जुनीच आकारणी वही पुढच्या वर्षी चालू ठेवली, तरी दरवर्षी जाहीर नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात. ती वर्तमानपत्रात आतल्या पानावर येते, तिच्यावर लक्ष ठेवा आणि त्या मुदतीत अर्ज द्या. फायदा त्या वर्षापासून पुढे मिळेल. मागच्या वर्षांचं परत मिळण्याची आशा कमीच. नाव चुकलंय, एकाच जागेची दोन खाती पडली आहेत, पाडलेल्या खोलीची आकारणी चालूच आहे, अशा उघड चुकांसाठी वर्षात केव्हाही दुरुस्तीचा अर्ज करता येतो.

मुंबई, नगरपालिका, ग्रामपंचायत

मुंबईत १८८८ च्या कायद्याखाली २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आहे, म्हणजे रेडी रेकनरचा (शासनाने ठरवलेल्या जागांच्या किमतींच्या तक्त्यातला) दर आणि त्यावर वापर, बांधकामाचा प्रकार, वय यांचे गुणांक. तिथे हरकत त्या गुणांकांवर आणि क्षेत्रफळावर घ्यायची. अपील लघुवाद न्यायालयात. याच पद्धतीच्या काही नियमांना सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये रद्दबातल ठरवलं, त्यामुळे मुंबईकरांनी जुन्या वर्षांच्या बिलांबद्दल स्वतंत्र सल्ला घ्यावा. निवासी जागा ५०० चौरस फुटांपर्यंत असेल तर तिथे मालमत्ता कर माफ आहे. ५१० फुटांची नोंद असलेल्याने टेप घेऊन आधी घर मोजावं.

नगरपालिकांना १९६५ चा कायदा लागू आहे. तिथे चार वर्षांनी येणारी चतुर्थ वार्षिक आकारणी हाच हरकतीचा मोठा मोका. यादी प्रसिद्ध होते तेव्हा नगरपालिकेच्या फलकावर जाऊन बघायची. चुकली की पुढची चार वर्षं त्याच आकड्यावर जाण्याची शक्यता जास्त.

ग्रामपंचायतीत नमुना ८ चा उतारा काढा. २०१५ च्या सुधारणेनंतर तिथेही कर भांडवली मूल्यावर आहे: जमिनीचा दर, बांधकामाचा दर, घसारा आणि वापर. मातीच्या जुन्या घराला आरसीसीचा दर लागला आहे का आणि घसारा धरला आहे का, या दोनच गोष्टी आधी तपासा. हरकत ग्रामपंचायतीकडे, त्यावर अपील पंचायत समितीकडे, आणि तिथेही समाधान झालं नाही तर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे.